आधी राखण, मग फुटाणी

नदीच्या वळणावर बाजाराचं एक गाव होतं. त्या गावात ठकूबाई नावाची एक बुरडीण राहायची. बांबू फोडावा, कामट्या काढाव्यात आणि सुपं, टोपल्या, परड्या विणाव्यात, हा तिचा धंदा. तिचे हात मोठे चपळ होते. तोंड तर हातांहून चपळ. पण लेक लग्न होऊन दूरच्या गावी गेली, तेव्हापासून त्या तोंडाला घरात काम उरलं नव्हतं. ठकूबाई कामट्यांशीच बोलत बसायची. कामट्या काही हुंकार देत नाहीत.

एकदा ती तेल आणायला आवडाबाई तेलिणीच्या घाण्यावर गेली. घाण्यामागे पेंडीच्या पोत्यांवर मांजर व्याली होती. पिल्लांचे डोळे नुकतेच उघडले होते. बाकीची पिल्लं आईला बिलगून होती. एक मात्र, भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचं, पोत्यावरून टणकन उडालं आणि थेट ठकूबाईच्या रिकाम्या टोपलीत येऊन पडलं. उठलं, पुन्हा उडालं, पुन्हा पडलं.

"अगं बाई! हे पिल्लू आहे की कढईतला फुटाणा?" ठकूबाई टाळी वाजवून म्हणाली.

त्या क्षणी तिचं मन त्या पिल्लात अडकलं. नावही तिथल्या तिथे ठरलं. फुटाणी!

"मला दे गं हे, आवडाबाई."

"दिलं असतं. पण अजून आईचं दूध सुटलं नाही. आणि गिरमाजी हलवाईसुद्धा एक पिल्लू मागून गेलाय. त्याच्या दुकानात उंदरांनी धुमाकूळ घातलाय. आंब्यांचा मोठा बाजार भरेल ना, त्या दिवशी या दोघंही. जो आधी येईल, त्याने आधी निवडावं. म्हणजे मला कुणाचा रुसवा नको."

ठकूबाई घरी आली ती जणू पायाला भिंगरी लावूनच. वाटेत भेटेल त्याला तिने सांगितलं. पाणवठ्यावर सांगितलं. भाजीवालीला सांगितलं. जिला मांजरं आवडत नाहीत, त्या शेजारणीलाही सांगितलं. घरी येऊन तिने सगळ्यात कोवळा बांबू निवडला आणि पिल्लासाठी एक गोल दुरडी विणायला घेतली. गाडग्यात साठवलेले पैसे बाहेर काढले. यातून दूध. यातून लाल मखमलीची गादी. आणि यातून गळ्यात बांधायला चांदीचं घुंगरू. सोनाराच्या दुकानात तिने ते कधीचं पाहून ठेवलं होतं.

शेजारीण हसून म्हणाली, "उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! अजून पिल्लू आईजवळ आहे, ठकूबाई!"

"असू दे! माझं बाशिंग मी बांधते!" ठकूबाईने उत्तर दिलं.

आता, या गावाची एक रीत होती. चावडीच्या ओट्यावर एक मोठा रांजण होता. त्याला लाकडी झाकण आणि झाकणाला कुलूप. त्याला राखणीचा रांजण म्हणत. ज्याच्या घरी बैल, गाय, शेळी, कुत्रं, मांजर असेल, त्याने वर्षातून एकदा त्यात जनावराच्या नावाने राखण, म्हणजे ठरलेले पैसे, टाकायचे. जनावर आजारी पडलं, की औषधपाण्याचा खर्च रांजणातून व्हायचा. गावातल्या दवेने भागलं नाही, तर तालुक्याच्या डॉक्टरांना टांगा पाठवून आणायचं किंवा जनावराला तिकडे न्यायचं, तेही रांजणातून. अट एवढीच, की राखण जनावर धडधाकट असतानाच टाकायची. दुखण्यात पडल्यावर टाकलेली चालायची नाही. किल्ली निंबाजी वैद्यांकडे असायची आणि हिशेब पंचांसमोर व्हायचा.

निंबाजी वैद्य एकदा ठकूबाईच्या दारावरून जात होते. दुरडी बघून थांबले.

"छान झालीय गं. गादी घेणार, घुंगरू घेणार, सगळं कानावर आलंय माझ्या. राखणीचं काय केलंस?"

"वैद्यबुवा, मांजराला कसली राखण? कसंही पडलं तरी ते चार पायांवरच पडतं!"

"पडण्यापुरतं ठीक आहे," वैद्य म्हणाले. "दुखणं काही वरून खाली पडून येत नाही."

"बरं, टाकेन की. आधी फुटाणी तर येऊ दे. मग पुढच्या एखाद्या बाजारी टाकते."

वैद्यांनी मान हलवली आणि ते निघून गेले. ठकूबाईने पुन्हा दुरडी हातात घेतली. राखणीची गोष्ट ती घटकाभरात विसरूनही गेली.

गावात सटवाजी नावाचा एक दोर वळणारा होता. त्याच्याकडे मोती नावाचं पांढरं मांजर होतं. सटवाजी दोराचा वाख पिळायला बसला, की मोती त्याच्या मांडीवर. तो बाजारात निघाला, की मोती त्याच्या खांद्यावर. गावात कुणी कुणावर जीव टाकला तर लोक म्हणत, "जसा सटवाजी आणि त्याचा मोती."

एका सकाळी कुत्र्यांनी मोतीला गाठलं. सटवाजी त्याला धोतराच्या सोग्यात गुंडाळून वैद्यांच्या ओट्यावर धावत आला. ठकूबाई तेव्हा तिथे सूप द्यायला आली होती. तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं.

वैद्यांनी जखमा धुतल्या. जवळ होती ती दवा लावली. त्याचे पैसे घेतले नाहीत. मग म्हणाले, "आत खोल लागलंय, सटवाजी. हे माझ्या हातचं नाही. डॉक्टरांकडे न्यायला हवं."

"मग न्या ना, बुवा! काढा रांजणातून!"

 वैद्य हळूच म्हणाले, "मोतीच्या नावाची राखण नाही रे टाकलेली."

सटवाजीचा चेहरा उतरला. "दर बाजारी म्हणायचो, पुढच्या बाजारी टाकतो. कधी दूध आणलं, कधी मासळी आणली. तेवढं राहूनच गेलं. पण बुवा, आता टाकतो! आता घ्या!"

"रांजण माझा असता तर आत्ता फोडला असता. तो ज्यांनी टाकलं त्यांचा आहे. आज तुझ्यासाठी उघडला, तर उद्या कुणी आधी टाकणारच नाही. मग कुणाच्याच जनावराला काही उरणार नाही."

वैद्यांनी आपल्या कनवटीचे पैसे काढून दिले. ठकूबाईने सुपाचे आलेले पैसे तिथेच ठेवले. सटवाजी घरोघर फिरला. कुणी आणा दिला, कुणी दोन आणे. टांग्याचे आणि डॉक्टरांचे पैसे जमेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. टांगा निघाला, पण वेशीबाहेरच्या आमराईपाशी मोतीने सटवाजीच्या मांडीवर मान टाकली.

ठकूबाई घरी आली. दुरडी कोपऱ्यात होती. तिच्याकडे बघवेना. सटवाजीची माया कमी नव्हती. त्याच्याइतकी माया साऱ्या गावात कुणाची नव्हती. पण वेळ आली तेव्हा ती माया टांग्याचं भाडं देऊ शकली नाही. मोती कळवळत होता आणि सटवाजी दारोदार हात पसरत होता. खरं तर त्याने मोतीजवळ बसायला हवं होतं.

ती उठली आणि तडक वैद्यांकडे गेली. "बुवा, मांजराची राखण किती?"

वैद्यांनी सांगितली. घरी येऊन ठकूबाईने गाडगं पालथं केलं. पिल्लू मोठं होईपर्यंतच्या दुधाचे पैसे बाजूला काढले. घुंगरू गेलं. मखमलीची गादीही गेली. तरीही राखणीला पैसे कमी पडत होते. मोठा बाजार तर तोंडावर आला होता.

तिला वाटलं, पिल्लू आणावं, बाकीचं मागाहून टाकावं. पण लगेच सटवाजीचा आवाज कानात आला. 'तेवढं राहूनच गेलं.' एकदा फुटाणी घरात आली, की आपल्या हातूनही तेच होणार. ती स्वतःला पुरती ओळखून होती.

ती घाण्यावर गेली. फुटाणी घाण्याच्या बैलाच्या शेपटीवर झेप घेत होती. ठकूबाईने तिला उचललं नाही. उचललं असतं तर पुढचं बोलणं तोंडातून निघालं नसतं.

"आवडाबाई, बाजाराच्या दिवसापर्यंत मी राखण टाकली, तरच पिल्लू न्यायला येईन. नाही जमलं, तर हे दुसऱ्या कुणाला दे."

"अगं, राखणीवाचून काय अडतंय? नेहमीच कुठे मांजरं आजारी पडतात?"

"नेहमी नाही पडत. पण माझं पडेल तेव्हा मला त्याच्याजवळ बसायचंय."

एवढं बोलून ती वळली. डोळे भरून आले होते, पण पावलं भराभर पडत होती. कारण तिच्या मनात एक विचार चमकला होता. आंब्यांचा बाजार! आंबे भरायला करंड्या लागतात!

नदीकाठी दस्तगीर बागवान आंब्यांचा मोठा व्यापारी होता. ठकूबाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"दस्तगीरभाई, यंदा करंड्या कुणाकडून घेताय?"

बागवानाने कपाळाला हात लावला. "काय सांगू, ठकूबाई! पलीकडच्या गावचा माणूस शब्द देऊन फिरला. होडी भरून माल जायचाय, आणि करंड्यांचा पत्ता नाही."

"मी देते."

"एकटी? बाजाराच्या दिवसापर्यंत? बघ हं, होडी भरेल एवढ्या झाल्या तर सगळ्या घेईन. अर्ध्या मला उपयोगाच्या नाहीत."

"सगळ्या देते!" ठकूबाई म्हणाली आणि बांबू आणायला धावलीच.

मग काय विचारता! ठकूबाईच्या अंगणात दिवसभर सटासट आवाज घुमू लागला. बांबू फुटत होते, कामट्या निघत होत्या, करंडीवर करंडी चढत होती. भाकरी करायलाही फुरसत नव्हती. मांजरं न आवडणारी शेजारीण नाक मुरडत आली आणि भाकरी ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी ती करंड्यांच्या बुडांसाठी कामट्यांची चौकट मांडून देऊ लागली. बोटं सोलवटली तेव्हा ठकूबाईने त्यांना चिंध्या बांधल्या आणि पुन्हा विणायला बसली. तोंड तर अखंड चालू. "ही करंडी फुटाणीच्या नाकाची! ही फुटाणीच्या शेपटीची!" रस्त्याने जाणारे लोक थांबून बघायचे. जो तो विचारायचा, "होतंय का गं?" आणि ती ओरडायची, "होतंय, होतंय!"

बाजाराचा दिवस उजाडला. शेवटच्या करंडीची काठ-बांधणी व्हायची होती, तेव्हा बागवानाची गाडी दारात आली. गाडीवानाने करंड्या चढवायला घेतल्या. इकडे ढीग कमी होत होता, तिकडे ठकूबाईचे हात धावत होते. शेवटची करंडी हातात मागायला गाडीवान आला आणि ठकूबाईने गाठ मारून कामटी तोडली. "घे!"

नदीवर होडी भरली. एकही करंडी कमी पडली नाही. बागवानाने खुशीने पैसे दिले, वर दोन आंबेही दिले. ठकूबाईने पैसे पदरात घट्ट बांधले आणि बाजारातून निघाली.

सोनाराच्या दुकानापाशी पाय अडखळले. घुंगरू तिथेच होतं. उन्हात चमकत होतं. सोनार म्हणाला, "ये गं ठकूबाई, तुझ्यासाठीच ठेवलंय! थोडं कमी करून देतो." पदराच्या गाठीत हात गेला. मग मात्र तिने हात काढून घेतला आणि दुकानाकडे पाठ फिरवली.

तोच समोर तिला गिरमाजी हलवाई दिसला. एका हातात झाकणाची पेटी, आणि चालला होता थेट घाण्याच्या वाटेने!

ठकूबाईने दोन्ही वाटांकडे पाहिलं. घाणा उजवीकडे. चावडी डावीकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. गिरमाजी अंगाने जाडजूड. ती धावली असती तर त्याला सहज मागे टाकलं असतं. आधी पिल्लू घ्यावं आणि मग चावडीवर जावं. पैसे तर पदरात आहेतच. कुणाचं काय बिघडणार होतं?

पण तिने ठरवलं होतं, आधी राखण. सोयीचं असेल तेव्हा पाळायचा, तो ठराव कसला? ठकूबाई डावीकडे वळली आणि सुसाट पळत सुटली. शेळ्या बाजूला झाल्या. भाजीच्या पाट्या हलल्या. "ठकूबाई, घाणा तिकडे राहिला!" कुणीतरी ओरडलं. तिने वळूनही पाहिलं नाही. चावडीचा ओटा ती धापा टाकत चढली.

"बुवा! राखण! फुटाणीच्या नावाने!"

निंबाजी वैद्यांनी कुलूप काढलं. ठकूबाईने पैसे रांजणात ओतले. खळखळ आवाज झाला. तिला तो घुंगरापेक्षा गोड वाटला. पण ऐकत थांबायला वेळ कुठे होता? ती तशीच घाण्याकडे धावली.

घाण्याच्या दारात गिरमाजी उभा. पेटी बंद, आणि पेटीतून म्यांव ऐकू येत होतं.

ठकूबाई जागच्या जागी थबकली. "निवडलंत, गिरमाजी शेठ?" तिने कसंबसं विचारलं.

"निवडलं की! बघ!" त्याने झाकण किलकिलं केलं. आत एक काळं, गुबगुबीत पिल्लू ऐटीत बसलं होतं. "कालच याने उंदीर धरला म्हणे. मला असंच पाहिजे होतं. ते शेंगदाण्याच्या रंगाचं मी पाहिलंसुद्धा नाही. सारखं उड्या मारतं! माझ्या पाकाच्या कढईत पडायचं!"

ठकूबाईचा जीव भांड्यात पडला. ती इतकी हसली, की गिरमाजीही हसायला लागला. आत पोत्यावरून शेंगदाण्याच्या रंगाचा एक गोळा उडाला आणि तिच्या पदरावर आदळला. त्या दिवशी ठकूबाई गावातून अशी मिरवत गेली, की लोकांना वाटलं वरातच निघाली.

फुटाणीने घरात नुसती धमाल उडवून दिली. अर्धवट विणलेल्या सुपात ती झोपायची, पूर्ण झालेल्या टोपलीला पंजे मारायची, निघालेल्या कामट्या तोंडात धरून पळायची. ठकूबाई रागवायची, मग हसायची, मग तिला दिवसभराच्या गोष्टी सांगायची. फुटाणी "म्यांव" म्हणून हुंकार द्यायची.

पावसाळा सरला, थंडी पडली. फुटाणी ठणठणीत होती. गिरमाजी चेष्टेने म्हणायचा, "काय ठकूबाई, राखणीचे पैसे गेले ना पाण्यात? चांदीचं घुंगरू तरी झालं असतं!"

"जाऊ देत!" ठकूबाई म्हणायची. पण कधी कधी तिलाही चुटपुट लागायची.

आणि एका दुपारी फुटाणी उडी मारता मारता खाली बसली. मान ताणून खोकू लागली. तोंडाला फेस आला. दूध पुढे ठेवलं तर तिने तोंड फिरवलं. ठकूबाईने तिला उचललं आणि वैद्यांकडे धाव घेतली.

वैद्यांनी जबडा उघडून पाहिलं. "कामटीचं कुसळ घशात रुतलंय. फार आत आहे. मला ओढता येणार नाही. डॉक्टर हवेत."

 वैद्य तेवढ्यात उठले होते. त्यांनी रांजणाचं कुलूप काढलं, पैसे मोजले आणि टांगेवाल्याच्या हातावर ठेवले. "घोडा दौडत ने. डॉक्टरांना घेऊनच ये."

टांगा धुरळा उडवत निघाला. कुणाच्या दारात जायचं नव्हतं. कुणापुढे हात पसरायचा नव्हता. ठकूबाईला एकच काम होतं. तिने फुटाणीला मांडीवर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. "मी आहे गं. इथेच आहे मी." फुटाणीचा श्वास घरघरत होता, पण ती हाताला डोकं घासत होती.

ऊन कलायच्या आत टांगा परत आला. डॉक्टरांनी लांब, बारीक चिमटा काढला. ठकूबाईने मांजराचं डोकं धरलं. डॉक्टर म्हणाले, "घट्ट धर, हलू देऊ नकोस." तिने डोळे मिटले. फुटाणी एकदा जोरात ओरडली. ठकूबाईने डोळे उघडले, तर चिमट्याच्या टोकाला सुईएवढं कुसळ होतं.

"वेळेवर बोलावलंत," डॉक्टर म्हणाले. "उद्यावर गेलं असतं तर कठीण होतं."

थोड्या वेळाने फुटाणीने डोळे उघडले, इकडे तिकडे पाहिलं, आणि डॉक्टरांच्या पिशवीवर लटकणाऱ्या दोरीवर हळूच पंजा मारला. ओट्यावर जमलेले सगळे ओरडले, "उठली! उठली!" गिरमाजीने दुकानातून पेढे आणून वाटले आणि आपल्या काळ्या बोक्याची राहून गेलेली राखण वैद्यांच्या हातावर ठेवली.

लोक पांगल्यावर ठकूबाई संकोचून म्हणाली, "बुवा, मी टाकले त्याहून कितीतरी जास्त गेले असतील आज. ते कुणाचे?"

"ज्यांची जनावरं यंदा धडधाकट राहिली, त्यांचे," वैद्य म्हणाले. "पुढच्या वर्षी फुटाणी धडधाकट राहिली, तर तुझे पैसे त्यांच्या कामी येतील."

"म्हणजे दर वर्षी राखण टाकायची, आणि देवाला म्हणायचं, माझे पैसे वाया जाऊ देत!"

"अगदी बरोबर! यापेक्षा चांगलं मागणं नाही."

ठकूबाई मोठ्याने हसली. तिने फुटाणीला खांद्यावर घेतलं आणि वाटेत भेटेल त्याला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत सांगत ती घराकडे निघाली.

तात्पर्य: मुका जीव घरी आणण्याआधी त्याच्या दुधाची सोय करावीच, पण त्याच्या दुखण्याची सोयही तेव्हाच करावी. ज्याने ती आधी केली, त्याला संकटात फक्त माया करायची उरते.